माडावर चढण्याचे साधन : पट्टा कसा निवडावा?

कोकणातील नारळ-सुपारीच्या बागायतदारांना सध्याची सर्वात मोठी अडचण कोणती असे विचारले, तर खत किंवा पाणी यांच्या आधी 'पाडेली मिळत नाही' हेच उत्तर ऐकू येते. नारळ फूल धरल्यापासून सुमारे बारा महिन्यांनी पक्व होतो आणि माडावर वर्षभर निरनिराळ्या वयाचे घोस असतात. त्यामुळे वर्षातून सहा ते आठ वेळा माडावर चढावे लागते. काढणीशिवाय शेंड्याची साफसफाई, गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त आणि संकरित रोपांसाठी करावयाचे परागीकरण ही कामेही वर जाऊनच करावी लागतात. पिढीजात कसब असलेले पाडेली कमी झाल्यामुळे आता अनेक बागायतदार आणि त्यांची मुले यंत्राच्या साहाय्याने स्वतः माडावर चढू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. परंतु यंत्र घेताना त्याच्या लोखंडाची जाडी जितक्या बारकाईने पाहिली जाते, तितक्या बारकाईने त्याला बांधलेला पट्टा किंवा दोर पाहिला जात नाही. प्रत्यक्षात चढणाऱ्याचा जीव लोखंडावर कमी आणि पट्ट्यावर अधिक अवलंबून असतो. म्हणून पट्टा कसा निवडावा, कसा बांधावा आणि केव्हा बाद करावा याची माहिती या लेखात दिली आहे.

पट्ट्याची गरज का पडते?

पूर्वी माडाच्या खोडावर कोयत्याने खाचा पाडून पायऱ्या करीत असत. आजही काही बागांत अशा खाचा दिसतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाला जखम झाली तर काही काळाने साल वाढून ती भरून येते. माडाच्या खोडाची रचना तशी नसते. त्यात सालीखाली नवी वाढ करणारा थर नसल्याने एकदा पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते. अशा जखमांतून सोंड्या भुंग्याला आणि खोडातून रस गळण्याच्या रोगाला वाट मिळते. खिळे ठोकल्यानेही हेच नुकसान होते. म्हणून माडाला इजा न करता पायाला आधार द्यावयाचा असेल, तर खोडाभोवती गुंडाळून घट्ट धरणारा पट्टा किंवा दोर हाच योग्य मार्ग आहे.

सध्या तीन प्रकारची साधने वापरात आहेत.

१) पायातील दोरीचा फास : ही जुनी पद्धत सुपारीवर अधिक वापरतात. दोन्ही पायांत सुंभाचा किंवा कापडाचा फास अडकवून खोडाला पायांची पकड दिली जाते.

२) चढण्याचे यंत्र : केरळातील कन्नूर जिल्ह्यात चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने तयार केलेले यंत्र सर्वात जास्त प्रसार पावले आहे. त्यात डाव्या व उजव्या पायासाठी दोन स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भागात पाय ठेवण्याची जागा, हाताने धरावयाची मूठ आणि खोडाभोवती जाणारा तारेचा दोर असतो. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या कार्यक्रमाखाली तरुणांना व महिलांना यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण दिले, त्यामुळे हे यंत्र सर्वत्र माहीत झाले.

३) पायफळी : शेंड्याखाली जास्त वेळ उभे राहून काम करावयाचे असेल, तर पाय ठेवण्यापुरती लहान फळी लोखंडी चौकटीसह पट्ट्याने खोडाला बांधतात. परागीकरण, औषध घालणे किंवा आंब्याची छाटणी करणे अशा कामांत ती सोयीची पडते. या लेखातील बहुतेक सूचना पायफळीच्या पट्ट्याविषयी आहेत, मात्र त्यातील तत्त्वे इतर साधनांनाही लागू पडतात.

पट्ट्यावर किती ताण येतो?

'माझे वजन ६५ किलो, मग १०० किलो पेलणारा पट्टा पुरे' असा हिशेब अनेक जण करतात. हा हिशेब चुकीचा आहे. पायफळी खोडापासून बाहेर आलेली असते. तिच्या बाहेरच्या भागावर वजन पडले की चौकटीची खालची बाजू खोडावर दाबली जाते आणि वरची बाजू खोडापासून सुटू पाहते. वरची बाजू धरून ठेवण्याचे काम पट्टा करतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस व त्याची अवजारे मिळून वजन ७० किलो आहे. पायाचा भार खोडापासून २० सें.मी. अंतरावर पडतो आणि पट्टा व चौकटीचा खालचा टेकू यांत १५ सें.मी. उभे अंतर आहे. तेव्हा चौकटीचे वरचे टोक ७० × २० ÷ १५ म्हणजे सुमारे ९३ किलो इतक्या जोराने पट्ट्याला ओढते. घोस कापण्यासाठी तोच माणूस फळीच्या कडेवर सरकला आणि अंतर ३० सें.मी. झाले, तर ही ओढ १४० किलो होते. त्याने पाय एकदम दाबून टाकला तर क्षणभर तिच्या दुप्पट, म्हणजे २८० किलोपर्यंत ताण येऊ शकतो.

आता यात पट्ट्याची झीज आणि गाठीमुळे येणारा कमकुवतपणा मिळवा. दोराला गाठ मारली की त्याची ताकद साधारण तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते. म्हणजे २८० किलो पेलण्यासाठी मुळात ५६० किलोचा पट्टा लागतो. सुरक्षिततेसाठी त्याच्या दुप्पट धरल्यास पायफळीच्या पट्ट्याचा तुटण्याचा भार किमान ११०० ते १२०० किलो असला पाहिजे.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. फळी जितकी रुंद बाहेर काढावी आणि चौकट जितकी बुटकी करावी, तितका पट्ट्यावरील ताण वाढतो. गावातील वर्कशॉपमध्ये चौकट करून घेताना ती उंच ठेवावी आणि फळी गरजेपुरतीच बाहेर काढावी.

धागा कोणता असावा?

बाजारात पट्टा रंगावरून किंवा जाडीवरून विकला जातो. आपण तो धाग्यावरून घ्यावा.

सुंभ : काथ्याचा सुंभ आपल्या घरचा, खाऱ्या हवेत टिकणारा आणि खोडावर न घसरणारा. पायातील फासासाठी तो चांगला आहे. परंतु त्याच जाडीच्या कृत्रिम धाग्याच्या दोराच्या मानाने त्याची ताकद बरीच कमी असते, शिवाय आतून कुजलेला सुंभ बाहेरून ओळखता येत नाही. माणसाचा सर्व भार सुंभावर टाकू नये.

पॉलिप्रोपिलीन व पॉलिथिलीन : हे स्वस्त असतात आणि किनाऱ्यावर मासेमारीच्या जुन्या दोरांच्या रूपाने सहज मिळतात. उन्हाने हे धागे लवकर ठिसूळ होतात, सतत भाराखाली हळूहळू लांबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतात. होडी बांधण्यासाठी ते ठीक असले तरी माडावर चढण्यासाठी वापरू नयेत.

नायलॉन : मजबूत आणि ताणला जाणारा. झटका सोसण्याच्या दृष्टीने हा गुण चांगला आहे, पण पायफळी बांधण्यासाठी तो गैरसोयीचा ठरतो, कारण भार पडताच पट्टा लांबून फळी किंचित खाली बसते. नायलॉन पाणी शोषतो व ओला असताना त्याची ताकद काहीशी कमी होते.

पॉलिएस्टर : कमी ताणला जातो, पाणी फारसे शोषत नाही आणि उन्हात नायलॉनपेक्षा चांगला टिकतो. पायफळीच्या पट्ट्यासाठी पॉलिएस्टर सर्वात योग्य आहे.

दुकानातील सर्वसाधारण पट्ट्याचा धागा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. त्याचा लहान तुकडा साबणाच्या पाण्यात चांगला चोळून आतील हवा काढून टाकावी व बादलीभर पाण्यात सोडावा. पॉलिप्रोपिलीन व पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतात. नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. तरंगणारा पट्टा घेऊ नये. मात्र बुडाला म्हणून तो मजबूत असेलच असे नाही. त्यासाठी पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी पाहावी.

चिठ्ठीवर दोन प्रकारचे आकडे असू शकतात. एक तुटण्याचा भार आणि दुसरा काम करण्याचा सुरक्षित भार. दुसरा आकडा नेहमी पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. 'तुटण्याचा भार १००० किलो' याचा अर्थ त्यावर १००० किलो टांगावे असा नव्हे, तर तितक्या भाराला नवा पट्टा तुटतो असा आहे. भार किलोन्यूटनमध्ये दिला असल्यास १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो धरावे. ज्या पट्ट्यावर कोणताच आकडा नाही, तो ट्रकवरील ताडपत्री बांधण्यासाठी राहू द्यावा.

रुंदी व लांबी

माडासाठी ४० ते ५० मि.मी. रुंदीचा पट्टा घ्यावा. रुंद पट्ट्याने दाब पसरतो, पट्ट्याला पीळ पडत नाही आणि कड झिजली तरी ताकद एकदम जात नाही. सुपारीचे खोड बारीक, गुळगुळीत आणि वरच्या भागात हिरवे असते. त्यावर अरुंद पट्टा किंवा उघडा तारेचा दोर काचतो. म्हणून पोफळीसाठीही रुंदी कमी करू नये, फक्त लांबी कमी ठेवावी.

लांबीसाठी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा. बाणवलीसारख्या उंच जातीचा बुंधा तळाशी फुगलेला असतो, तेथे घेर मोजू नये. मिळालेल्या घेरात बक्कलातून ओढण्यासाठी व टोक बांधण्यासाठी ६० सें.मी. मिळवावे. समजा घेर ९० सें.मी. आहे, तर दीड मीटरचा पट्टा पुरेसा होतो. लांबच लांब शेपूट लोंबकळत ठेवू नये. ते पायात अडकते.

बक्कल व शिवण

दप्तराला असते तसले प्लॅस्टिकचे बक्कल चढण्याच्या कामात कधीही वापरू नये. धातूच्या बक्कलांत दोन प्रकार मिळतात.

पहिले दात असलेले दाबाचे बक्कल. यातून पट्टा हाताने ओढला की दात तो धरून ठेवतात. हे हलके असते आणि एका हाताने लावता येते. याचा दोष असा की पट्टा ओला किंवा चिखलाने बुळबुळीत झाला तर तो सरकू शकतो, आणि दातांखाली पट्टा सतत एकाच जागी झिजतो. म्हणून पट्टा ओढल्यावर उरलेल्या टोकाची बक्कलाच्या मागे एक अढी मारून ठेवावी.

दुसरे दांड्याचे बक्कल, ज्यास रॅचेट म्हणतात. ते कटकट आवाज करीत पट्टा घट्ट करते. पकड उत्तम असते, परंतु वजन जास्त असते आणि खाऱ्या हवेत त्याची चाके लवकर गंजतात. शिवाय दांड्याचा जोर मोठा असल्याने पोफळीचे कोवळे खोड दबण्याची भीती असते. माडाच्या जुन्या टणक खोडासाठी हे वापरण्यास हरकत नाही. समुद्राजवळच्या बागेत साध्या लोखंडापेक्षा गंज न चढणाऱ्या पोलादाचे बक्कल महाग असले तरी परवडते.

पट्ट्याचा कान गाठ मारून केलेला नसावा, यंत्रावर शिवलेला असावा. शिवणीच्या धाग्याचा रंग पट्ट्याच्या रंगापेक्षा वेगळा असल्यास तुटलेला टाका चटकन दिसतो. तुटलेली शिवण घरी किंवा चांभाराकडे शिवून घेऊन पट्टा पुन्हा वापरू नये.

कमरेचा पट्टा वेगळाच हवा

आतापर्यंत पायाखालच्या पट्ट्याविषयी सांगितले. परंतु पायाखालचा पट्टा कितीही चांगला असला तरी तो माणसाला पडण्यापासून वाचविण्यासाठी नसतो. पायफळी सुटली तर माणसाला धरून ठेवणारा दुसरा, स्वतंत्र पट्टा खोडाभोवती असलाच पाहिजे. एकाच पट्ट्यात पायफळी आणि माणूस अडकवू नये. तसे केल्यास एक टाका उसवल्यावर दोन्ही आधार एकदम जातात.

हा दुसरा पट्टा अंगाच्या पूर्ण साजाला, म्हणजे खांदे व मांड्यांतून जाणाऱ्या पट्ट्यांना जोडलेला असावा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पडल्यास पोटाला व मणक्याला इजा होऊ शकते. पडण्यापासून बचाव करणाऱ्या साधनांसाठी भारतीय मानक ३५२१ आहे. खरेदी करताना त्याचा उल्लेख व आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे. यंत्रासोबत सुरक्षा पट्ट्याची जोडणी मिळत असेल तर ती पैसे वाचविण्यासाठी वगळू नये.

दुसरी गोष्ट ढिलाईची. ७० किलोचा माणूस ६० सें.मी. सैल पट्ट्यावर पडला आणि ६ सें.मी. अंतरात थांबला, तर त्याच्या अंगावर सरासरी ७७० किलोचा झटका बसतो. सुरक्षा मानकांत हा झटका ६ किलोन्यूटन म्हणजे सुमारे ६०० किलोच्या आत राहावा असे धरले आहे. म्हणजे पट्टा तुटला नाही तरी माणूस जायबंदी होऊ शकतो. यावर उपाय एकच. चढताना कमरेसमोरील पट्टा प्रत्येक टप्प्याला वर सरकवावा आणि ताठ ठेवावा. तो कमरेच्या खाली कधीही येऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट कोयत्याची. ताठ ओढलेला पट्टा कोयत्याच्या एका ओझरत्या घावानेही कापला जातो. घोस कापताना पट्टा घोसापासून दूर, खालच्या बाजूस असावा. ज्यात पोलादी तारेचा गाभा आहे असा दोर मिळाल्यास कमरेसाठी तो अधिक चांगला. कोयता वापरात नसेल तेव्हा तो आकडीतच ठेवावा.

बांधण्याची रीत

१) खोडावरील शेवाळ व सुटे तंतू काथ्याच्या बोळ्याने घासून काढावेत. पावसाळ्यात याची विशेष गरज असते.

२) चौकट खोडाला टेकवून फळीची बाहेरची कड थोडी वर उचललेली ठेवावी आणि पट्टा आडवा, पीळ न पडू देता खोडाभोवती घ्यावा.

३) पट्टा हाताने शक्य तितका ओढून बक्कल लावावे. बक्कल खोडाच्या बाजूला असावे, चौकटीच्या धारेवर येऊ नये.

४) फळी पायाने खाली दाबावी. फळी खाली बसताना पट्टा आणखी घट्ट होतो. फळी दाबल्यावर पट्टा सैलच राहिला तर सोडून पुन्हा बांधावा.

५) टोकाची अढी मारावी.

६) माडाचे खोड वर किंचित बारीक होत जाते. तळाशी घट्ट केलेला पट्टा वर सैल पडतो. म्हणून प्रत्येक नव्या ठिकाणी पट्टा पुन्हा ओढावा.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पायफळी जमिनीपासून हातभर उंचीवर बांधावी. तिच्यावर दोन्ही पायांनी उभे राहून, कडेवर सरकून, चार-पाच वेळा गुडघे वाकवून भार द्यावा. मग पट्ट्यावर खडूने केलेली खूण बक्कलापासून सरकली का ते पाहावे. खूण सरकली असेल तर ते बक्कल वापरू नये.

माड किंवा पोफळ कलंडलेली असल्यास, मुळे उघडी पडली असल्यास किंवा खोडातून रस गळत असल्यास पट्टा कितीही चांगला असला तरी चढू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील कित्येक बागा आडव्या झाल्या. अशा वादळातून वाचलेली झाडे उभी दिसली तरी त्यांची मुळे हललेली असू शकतात. जवळून विजेची तार जात असेल तर तेथे धातूचे यंत्र वापरू नये. आणि एकट्याने कधीही चढू नये. पट्ट्यात लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्ताभिसरण थोड्याच वेळात बिघडू लागते. त्याला लगेच खाली उतरवणारा दुसरा माणूस जवळ असावा आणि कसे उतरवावयाचे हे दोघांनी आधी ठरवून ठेवावे.

पट्ट्याची निगा व बाद करण्याच्या खुणा

काम झाल्यावर पट्टा झाडावर बांधून ठेवू नये. उन्हापावसाने तो कमकुवत होतो. आंब्यासारख्या झाडावर तर खोड जाड होत असल्याने राहिलेल्या पट्ट्याचा करकोचा पडतो. पट्टा साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि कोरड्या जागी टांगून ठेवावा. चुलीवर किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. बॅटरीचे आम्ल नायलॉनला खाते आणि तीव्र क्षार पॉलिएस्टरला बाधतात. म्हणून फवारणी पंप, चुना, मोरचूद, खते व बॅटरी यांच्या शेजारी पट्टा ठेवू नये. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारल्यानंतर पट्टा त्याच दिवशी धुवावा.

प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी पट्टा हातातून पूर्ण सोडून पाहावा. पुढीलपैकी एकही खूण आढळल्यास तो बाद करावा :

* कडेला चीर, छिद्र किंवा कोयत्याचा घाव
* पृष्ठभाग लवदार होणे किंवा एखाद्या जागी वितळल्यासारखी चकाकी येणे
* रंग फिका पडून पट्टा कडक होणे
* शिवणीचा टाका तुटणे किंवा सुटणे
* बक्कल वाकणे, दात झिजणे, गंजाची खवले निघणे
* तारेच्या दोरातील एखादी तार तुटून बाहेर येणे
* पट्ट्याने एकदा जरी पडणाऱ्या माणसाचा झटका घेतलेला असणे, मग तो दिसायला नवा का असेना

पट्ट्यावर तयार केल्याची तारीख व वापरण्याची मुदत दिलेली असते. मुदत संपल्यावर तो चांगला दिसला तरी वापरू नये. बाद केलेला पट्टा गोठ्यात गुरे बांधण्यासाठी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. तेथून तो घाईच्या दिवशी पुन्हा माडावर जातो. म्हणून बाद पट्ट्याचे लगेच हातहातभर तुकडे करून टाकावेत.

बागायतदार बंधू-भगिनींनो, यंत्राच्या किमतीच्या मानाने चांगल्या पट्ट्याची किंमत फार मोठी नाही. बहुतेक वेळा एखाद्या काढणीच्या नारळांतून ती निघून जाते. पायाखाली आकडा लिहिलेला पॉलिएस्टरचा रुंद पट्टा, अंगाला स्वतंत्र व ताठ ठेवलेला सुरक्षा पट्टा आणि जमिनीवर एक जाणता माणूस, एवढ्या तीन गोष्टी असल्याशिवाय आपण चढू नये व आपल्या गड्यालाही चढवू नये. यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण घेतलेले नसल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात चौकशी करावी आणि आधी बुटक्या माडावर सराव करून मगच उंच माडाला हात घालावा.